लेकराकडे कोण पाहणार? शिकणाऱ्या आईचे दोन तास

(ऐकायला वेळ नसेल, किंवा बाळ झोपलंय म्हणून आवाज करता येत नसेल, तर हा भाग इथे वाचा. बोलताना झालेली थोडी पुनरावृत्ती काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)



कोणी एसटीत बसून ऐकत असाल, कोणी भांडी घासता घासता एका कानात हेडफोन अडकवला असेल, कोणी बाळाला मांडीवर थोपटत, आवाज अगदी बारीक करून ऐकत असाल. आजचा भाग त्या तिसरीसाठी आहे. पण तिच्या नवऱ्यानेही ऐकायला पाहिजे, म्हणून जमलं तर स्पीकरवर लावा.

विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. "ताई, बारावी झाली, लग्न झालं, बाळ झालं. पुढचं राहून गेलं. आता होईल का?" असे मेसेज चिखलीहून येतात, मोताळ्याहून येतात, लोणारहून येतात. घाटावरून येतात तसे घाटाखालूनही येतात. आणि बहुतेक मेसेजच्या शेवटी एक शब्द ठरलेला असतो. बॅलन्स. "ताई, बॅलन्स कसा करायचा?"

मला ह्या शब्दाचा थोडा राग आहे. बॅलन्स म्हटलं की तारेवर चालणारी एकटी बाई डोळ्यासमोर येते. खाली सगळे माना वर करून बघतायत. पडली तर म्हणतील, "सांगितलं होतं ना." पार झाली तर टाळ्या वाजवतील. पण वर चढून कोणी हात देत नाही.

म्हणून आज मी प्रश्न बदलणार आहे. तुला झेपेल का, हे मी विचारणारच नाही. मी विचारणार आहे: तू अभ्यासाला बसशील तेव्हा लेकराकडे कोण पाहणार? किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत? नाव सांग.

व्हॉट्सॲपवरची आई

तो फोटो तुम्हालाही आला असेल. एका बाईच्या डोक्यावर पाटे-वरवंटे, कडेला बाळ, आणि शेजारी फौजदाराच्या वर्दीतली बाई. खाली लिहिलेलं, की हीच ती, पाटे-वरवंटे विकत शिकली आणि फौजदार झाली. लाखो लोकांनी फॉरवर्ड केला. नंतर त्या महिला फौजदारांनी स्वतःच सांगितलं, की पाटे-वरवंट्यांच्या फोटोतली बाई मी नाही.

त्यांचं यश खरं आहे. वर्दी खरी आहे. चिकटवलेला फोटो मात्र दुसऱ्याच कोणाचा. मला नेहमी वाटतं, तो फोटो जोडायची गरज का पडली असेल? कारण आपल्याला अशीच गोष्ट आवडते. बाई एकटी, डोक्यावर ओझं, कडेवर पोर, आणि तरी पास. अशा गोष्टीत घरातल्या दुसऱ्या कोणाला काही करावं लागत नाही ना! नुसतं फॉरवर्ड केलं की झालं.

आता एक गोष्ट सांगते, ती पूर्ण खरी आहे. हरियाणाच्या अनु कुमारी. यूपीएससीच्या २०१७ च्या परीक्षेत देशात दुसऱ्या आल्या. तेव्हा त्यांचा मुलगा साधारण चार वर्षांचा होता. पेपरात हेडिंग आलं, "चार वर्षांच्या मुलाची आई आयएएस". पण बातमी खाली वाचत गेलं की कळतं, की तयारीच्या काळात मुलगा त्यांच्या आईकडे होता आणि त्या स्वतः मावशीकडे राहून अभ्यास करत होत्या. म्हणजे लेकराकडे कोण पाहणार, ह्या प्रश्नाला तिथे उत्तर होतं. आजी. अभ्यासाला जागा कुठे, ह्यालाही उत्तर होतं. मावशीचं घर. अनु कुमारींचे कष्ट ह्याने एक कणभरही कमी होत नाहीत. पण हेडिंगमध्ये आजी नाही, मावशी नाही. त्या हेडिंगमध्ये आल्या असत्या तर आपल्याकडच्या किती आज्यांना, किती मावश्यांना कळलं असतं, की ह्या यशात आपलंही काम आहे!

दीडशे वर्षांपूर्वीही हाच प्रश्न

तुम्ही म्हणाल, हे आताचं आहे. बिलकुल नाही.

आनंदीबाई जोशी सगळ्यांना माहीत आहेत. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळ. ते बाळ दहाच दिवस जगलं. डॉक्टर व्हायचं त्यांच्या मनाने तिथून घेतलं. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या पदवीदान समारंभाला आणखी एक मराठी बाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या, पंडिता रमाबाई.

रमाबाईंची बाजू आपल्या विषयाच्या जास्त जवळची आहे. नवरा गेला तेव्हा मुलगी मनोरमा अजून वर्षाचीही झाली नव्हती. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या शिकायला इंग्लंडला गेल्या. आज ज्याला आपण सिंगल मदर म्हणतो, ते त्या होत्या. वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्या राहिल्या. पुढे अमेरिकेत गावोगाव भाषणं देत फिरत होत्या, तेव्हा मनोरमेला त्यांनी त्याच भगिनींकडे ठेवलं होतं. मग परत येऊन १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं. एवढी मोठी विदुषी, पण लेकराकडे कोण पाहणार, हे तिलाही आधी ठरवावंच लागलं.

आणि आपला जिल्हा? बारा जानेवारीला सिंदखेड राजाला किती गर्दी असते, सांगायला नको. जिजाऊंमुळे आपल्या जिल्ह्याला मातृतीर्थ म्हणतात. आपल्या बुलढाण्याच्याच ताराबाई शिंदे. त्यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. चूक दोघांची असली तरी दोष बाईलाच का, असा सरळ सवाल त्यांनी त्यात केला. इतकी जुनी परंपरा आहे आपली. पण मातृतीर्थातल्या चालत्या-बोलत्या आईला रोज दोन तास मिळतात का, हे मात्र आपण विचारत नाही.

दोन तास जातात कुठे?

थोडा हिशोब करू. केंद्र सरकारने २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. लोक दिवसभरात कशाला किती वेळ देतात, ते मोजलं. घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घरकामात जातात. म्हणजे पावणेपाच तासांच्या वर. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८ मिनिटं. लक्षात घ्या, "जे करतात त्यांची". न करणारे ह्यात धरलेलेच नाहीत. मुलांची आणि घरातल्या इतरांची काळजी घेण्यात १५ ते ५९ वयाच्या बायकांची १३७ मिनिटं, पुरुषांची ७५.

आता बायकांचे दोन आकडे जोडा. सात तासांच्या वर झाले. शेतावर जाणारी असेल तर निंदणं, वेचणं वेगळंच. आपल्याकडे दिवाळीच्या आसपास सोयाबीन निघतं, मग कापूस वेचायला येतो, आणि विद्यापीठाची हिवाळी परीक्षाही त्याच सुमाराला. ह्यात ती "मन लावून" अभ्यास कधी करणार? मन आहे तिच्याकडे. वेळ नाहीये.

हे फक्त आपल्या खेड्यातलं दुखणं आहे असंही समजू नका. क्लॉडिया गोल्डिन नावाच्या अमेरिकेतल्या प्राध्यापिका. त्यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दोनशे वर्षांची आकडेवारी चाळून त्यांनी दाखवलं, की आजच्या काळात सारख्याच शिकलेल्या, सारखंच काम करणाऱ्या बाई आणि पुरुषाच्या कमाईतला फरक मुख्यतः पहिल्या बाळापासून सुरू होतो. बाळ दोघांचं होतं, पण करिअर एकाचंच थांबतं. अमेरिकेतही!

आमच्या घरचा कागद

माझं सांगते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना मला मुलगी झाली. मी बावीसची होते. दोन महिने काही सुचत नव्हतं, झोप नाही, काही नाही. मग मी एक कागद घेतला आणि दिवसाचे तास लिहिले. प्रत्येक तासासमोर, बाळ कोणाकडे, ते लिहिलं. चोवीस ओळींपैकी एकवीस ओळींत माझंच नाव आलं. भांडले नाही. कागद फक्त स्वयंपाकघरात चिकटवला.

चार दिवसांनी सासऱ्यांनी, आम्ही मामाजी म्हणतो, विचारलं, "हे काय लावलं वं?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "सात ते नऊ माह्यं नाव लिही. तसंही मी त्या वक्ताले बसूनच राह्यतो."

बस, एवढंच. रोज संध्याकाळी सात ते नऊ. बाळ मामाजींकडे, मी आतल्या खोलीत, दार लावून. रडली तरी मी उठायचं नाही, भूक लागली तरच हाक मारायची, हे ठरलेलं. पहिला आठवडा जड गेला. ती रडायची आणि मी पुस्तकाचं एकच पान बघत बसायची. मग तिला सवय झाली, आणि मलाही.

गावात बोलले लोक. पारावर कोणीतरी मामाजींना म्हणालं, "म्हातारा लेकरू खेळवते अन् सून पुस्तक वाचते!" मामाजी म्हणाले, "माह्या घरातलं लेकरू मी नाही पाहणार त काय तू पाह्यशीन?" पुन्हा कोणी काही बोललं नाही. आणि महिन्याभरात नवऱ्यानेही सकाळी साडेपाच ते सात आपलं नाव स्वतः लिहिलं. बापाने लिहिलं म्हटल्यावर पोराला काय अडचण?

तर माझं म्हणणं एवढंच आहे. "मदत करू" हा शब्द चालत नाही. मदत मूडवर असते. पाहुणे आले की बंद, क्रिकेटची मॅच आली की बंद. तास आणि नाव लागतं. "संध्याकाळी बघतो" नको, "सात ते नऊ मी" पाहिजे.

घरात कोणीच नसेल तर?

हा प्रश्न येणार, मला माहीत आहे. सासू-सासरे मजुरीला जातात, नवरा पुण्याला कंपनीत आहे, घरात ती आणि बाळ. तिने कोणाचं नाव लिहायचं?

सगळ्यात कठीण काळ असतो बाळाच्या सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत. तीन वर्षांनंतर अंगणवाडी आहे. तिथे पोरगं रोज काही तास बसतं, खातं, खेळतं. ते तास धुण्याभांड्यात घालवू नका. तो तुमचा अभ्यासाचा वेळ आहे. तीनच्या आतल्या बाळांसाठी केंद्र सरकारची 'पाळणा' नावाची योजना आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघर, काही ठिकाणी अंगणवाडीलाच जोडून. आपल्या गावात आहे का, हे अंगणवाडी ताईंना विचारा. नसेल तर ग्रामसभेत मागा. सभागृह मागतो, पेव्हर ब्लॉक मागतो, तसं पाळणाघरही मागता येतं.

आणि तोपर्यंत? दोघी-तिघींनी मिळून करा. एका गल्लीत तिघी आया असतील तर एक दिवस एकीने तिन्ही लेकरं दोन तास पाहायची, बाकी दोघी मोकळ्या. आठवड्यातले सहा दिवस धरले तर प्रत्येकीला चार दिवस सुटे मिळतात. पैसे लागत नाहीत. भरवसा लागतो, आणि वेळ पाळावी लागते.

एक गोष्ट मधेच सांगते, कारण ती राहून जाते. बाळंतपणानंतर सतत रडू येतंय, झोपायला मिळालं तरी झोप लागत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, आणि असं दोन आठवड्यांच्या वर चाललंय, तर तो आळस नाही आणि नाटकही नाही. त्यावर उपचार आहेत. दवाखान्यात सांगा. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. अभ्यास त्याच्यानंतर.

कॉलेजात काय बोलायचं

आता कामाचं. हजेरी कमी भरली म्हणून परीक्षेला बसू देत नाहीत, हे खूप जणींचं होतं. यूजीसीने १४ डिसेंबर २०२१ ला सगळ्या विद्यापीठांना पत्र लिहिलंय. पदवी आणि पदव्युत्तर शिकणाऱ्या मुलींना प्रसूती रजा द्यायचे नियम करा, हजेरीत सूट द्या, परीक्षेचा फॉर्म भरायला मुदत वाढवून द्या, असं त्यात आहे. हे पत्र म्हणजे सक्तीचा कायदा नव्हे, सूचना आहे. पण अर्जाला जोडायला फार कामाचं आहे. मला एका ऑफिसात "असं काही नसते" म्हणून परत पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी लेखी अर्ज, दवाखान्याचा कागद आणि त्या पत्राची प्रिंट घेऊन गेले, आणि अर्जाची पोच मागितली. तोंडी विचारलं की तोंडी नाही मिळतं. लेखी दिलं की कोणाला तरी लेखी उत्तर द्यावं लागतं. माझं प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचमध्ये घेतलं गेलं.

पीएच.डी. करत असाल तर यूजीसीच्या नियमातच २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा आहे, आणि बायकांना पूर्ण करायला दोन वर्षं जास्त मिळतात.

कॉलेज सुटलंच असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून. इग्नू आहे. दहावी-बारावीच राहिली असेल तर बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आधी झालेलं होतं, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. म्हणजे पाचातली एक. तेव्हा दहावीपासून सुरू करणारी तू एकटी नाहीस, लाजायचं काहीच कारण नाही.

आणि कागद! मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी हे लक्षात येतं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदललं असेल तर लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र ग्रामपंचायतीतून किंवा नगरपरिषदेतून काढून ठेवा, आणि गरज असेल तर राजपत्रात नाव बदलून घ्या. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर लग्नानंतरही वडिलांकडच्या कागदांवर निघतं, सासरच्या उत्पन्नावर नाही. त्यामुळे माहेरी जाल तेव्हा वडिलांचे जुने कागद फोटो काढून मोबाइलमध्ये घेऊन या. दिवाळीच्या साडीइतकंच ते महत्त्वाचं आहे!

नोकरीचं वय गेलं का?

"आता वय गेलं" हे वाक्य मी पंचवीस वर्षांच्या मुलीच्या तोंडून ऐकलंय. एमपीएससीला खुल्या प्रवर्गासाठी वयाची अट साधारण ३८ आहे, मागासवर्गीयांसाठी ४३. पोलीस शिपाई भरतीला मात्र कमी आहे, २८ आणि ३३, आणि मैदानी चाचणीही असते. ती डोक्यात असेल तर बाळंतपणानंतर शरीराला किती वेळ लागतो, ते डॉक्टरांना विचारून ठरवा. सरकारी नोकऱ्यांत बायकांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. पण जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर असतात, हेही खरं. म्हणून पदवीसोबत हातात एखादं काम येईल असंही काही शिका. नर्सिंग, आयटीआय, टॅली, जे जवळ आणि जमेल ते.

नोकरी लागली तर हक्क माहीत पाहिजे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे. त्याआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असावं लागतं. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय करावी लागते. हे २०१७ पासूनचे नियम. "आमच्याकडे तशी पद्धत नाही," असं कोणी म्हटलं तर म्हणा, पद्धत नसेल, कायदा आहे.

जाता जाता

नवरे लोकांना एकच सांगते. बाळ पाहणं म्हणजे बायकोला मदत करणं नव्हे. बाळ तुमचंही आहे. दोन तास पोराकडे पाहिलं म्हणून स्टेटस ठेवू नका, तिने बावीस तासांचं कधी ठेवलंय का?

आणि मैत्रिणींनो, घरच्यांना "मला शिकू द्या" म्हणू नका. त्याला "शीक की, कोण नाही म्हणतं" असं गोड उत्तर मिळतं आणि पुढे काहीच होत नाही. आज रात्री कागद घ्या. तास लिहा, नावं लिहा. मग विचारा, "ह्यातले कोणते दोन तास तुमचे?" ह्या प्रश्नाला नुसतं "शीक की" म्हणून सुटता येत नाही.

तुमच्या घरच्या कागदावर कोणाचं नाव आलं, ते मला व्हॉइस मेसेज करून सांगा. कोणी सासरे, कोणी दीर, कोणी शेजारची काकू, सगळ्यांची गोष्ट पुढच्या एका भागात सांगू. भाग आवडला तर आईला नका पाठवू, तिला हे सगळं माहीत आहे. बापाला पाठवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि दुसऱ्यालाही थोडी घेऊ द्या. नमस्कार!